व्हीएममधला आवाज: अजिबात न येणं वेगळं, तुटक येणं वेगळं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. होस्ट म्हणजे खरं मशीन लिनक्सचं, त्यावर केव्हीएम (व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवायची लिनक्सची सोय) आणि ते हाताळायला व्हर्ट-मॅनेजर, आत गेस्ट म्हणून विंडोज ११. सुरुवातीला गेस्टमधे आवाजच नव्हता, मग इकडचं तिकडचं वाचून साउंड कार्डाचं मॉडेल बदललं, एक्सएमएलमधे, म्हणजे व्हीएमच्या सेटिंगच्या फाइलमधे, कुणीतरी दिलेल्या चार ओळी चिकटवल्या, आता आवाज येतो पण व्हिडिओ लावला की खरखरतो, आणि मीटिंगमधे तुमचं बोलणं समोरच्याला जातच नाही. शेवटी वैतागून तुम्ही लिहिलंय की "बरोबर सेटिंग कोणती ते एकदाच सांगा".

एकच सेटिंग सांगता येणार नाही, कारण हे तीन वेगळे प्रश्न आहेत. अजिबात आवाज न येणं म्हणजे वाट कुठेतरी तुटलीय. तुटक येणं म्हणजे वाट धड आहे, वेळेचा घोळ आहे. आणि माइक न जाणं हा बहुतेक वेळा परवानगीचा मामला असतो. पहिला ज्याने सुटतो त्याचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो, म्हणून मॉडेलं बदलत बसलं तरी खरखर जात नाही आणि बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) कितीही वाढवला तरी मुका गेस्ट बोलायला लागत नाही. लोकांचे आठवडे जातात ते या गल्लतीमुळेच, सेटिंग अवघड असल्यामुळे नाही.

आधी वाट समजून घ्या, मग बाकीचं पटापट होईल. गेस्टमधला प्लेअर विंडोजला आवाज देतो, विंडोजचा ड्रायव्हर तो एका साउंड कार्डात ओततो, पण ते कार्ड खोटं, क्यूएमूने (केव्हीएमसोबत व्हीएमचं हार्डवेअर उभं करणाऱ्या प्रोग्रॅमने) सॉफ्टवेअरमधे उभं केलेलं. क्यूएमू तो डेटा उचलून एका बॅकएंडला, म्हणजे होस्टच्या बाजूच्या दुव्याला देतं, बॅकएंड तो होस्टच्या साउंड सर्व्हरला म्हणजे पाइपवायरला किंवा जुन्या मशिनवर पल्सऑडिओला देतो, आणि तिथून तो खऱ्या कार्डात जातो. व्हर्ट-मॅनेजरमधे 'साउंड' म्हणून जे दिसतं ते फक्त ते खोटं कार्ड. बॅकएंड वेगळा असतो आणि तो तिथल्या साध्या पानावर धड दिसत नाही, एक्सएमएलमधे 'ऑडिओ' नावाचा स्वतंत्र घटक असतो त्यात तो ठरतो. तुम्ही बदललंत ते कार्ड. आवाज सुरू झाला तो बहुधा कार्डामुळे नाही, त्या चिकटवलेल्या चार ओळींमुळे.

कार्डाचं आधी संपवून टाकू, कारण त्यात फार काही नाही. विंडोज ७ पासून पुढे काहीही असेल तर आयसीएच९ ठेवा, म्हणजे इंटेल एचडी ऑडिओ, त्याचा ड्रायव्हर विंडोजमधे आधीपासूनच असतो. एसी९७ फक्त एक्सपीसारख्या जुन्या गेस्टसाठी, व्हिस्टापासून विंडोजने त्याचा ड्रायव्हर सोबत देणं बंद केलं. साउंड ब्लास्टर १६ डॉसच्या खेळांसाठी. गेस्ट लिनक्स असेल आणि कर्नल ५.१३ किंवा पुढचा असेल तर व्हर्टिओ (खास व्हीएमसाठी बनवलेल्या डिव्हाइसचा प्रकार) साउंड वापरता येतं, क्यूएमूमधे ते ८.२ पासून आहे, पण विंडोज गेस्टसाठी त्याच्या नादी लागू नका. डिव्हाइस मॅनेजरमधे 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' दिसतंय आणि त्यावर पिवळी खूण नाही, एवढं झालं की कार्डाचा विषय बंद, परत तिकडे बघायचं नाही.

आता शांतता. मी नेहमी गेस्टच्या टोकाकडून सुरू करते. विंडोजच्या जुन्या साउंड पॅनेलमधे गाणं लावल्यावर हिरवी पट्टी हलते का? हलत असेल तर गेस्टने त्याचं काम केलंय, आवाज खोट्या कार्डापर्यंत पोचलाय, तिथून पुढचं होस्टचं बघायचं, गेस्टमधे ड्रायव्हर टाकत बसायचं नाही. हलत नसेल तर पहिल्यांदा हे बघा की तुम्ही गेस्टमधे रिमोट डेस्कटॉपने तर घुसला नाहीत ना. तसं असेल तर त्या सेशनमधे व्हीएमचं कार्ड दिसतच नाही, त्याच्या जागी 'रिमोट ऑडिओ' येतं आणि आवाज रिमोट डेस्कटॉपच्या वाटेने जातो. हे इतक्या वेळा निघतं की मी आता सगळ्यात आधी हेच विचारते. आणि गेस्ट विंडोज सर्व्हर असेल तर विंडोज ऑडिओ ही सर्व्हिस आपोआप सुरू होत नाही, ती चालू करून 'ऑटोमॅटिक' करावी लागते.

पट्टी हलतेय आणि कानावर काही नाही, अशा वेळी मी होस्टवर पव्हूकंट्रोल (कुठल्या प्रोग्रॅमचा आवाज कुठे जातोय ते दाखवणारा प्रोग्रॅम) उघडते, गेस्टमधे गाणं चालू ठेवून. 'प्लेबॅक' टॅबमधे व्हीएमचा प्रवाह दिसतो का ते बघायचं. दिसत असेल तर नव्वद टक्के काम झालं, तो म्यूट असेल नाहीतर भलत्याच आउटपुटला जोडलेला असेल, मॉनिटरच्या एचडीएमआयला वगैरे. इथे एक खोच आहे. पल्सऑडिओ प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज आणि म्यूट लक्षात ठेवतो, पाइपवायरच्या सेटअपमधेही तसंच होतं. कधीतरी महिन्यापूर्वी तुम्ही व्हीएमचा कलकलाट नको म्हणून त्याला म्यूट केलं असेल तर व्हीएम पुसून त्याच नावाने नवीन बनवलं तरी ते म्यूट तसंच राहतं, कारण होस्टच्या दृष्टीने प्रोग्रॅम तोच. लोक विंडोज परत टाकतात आणि तरी आवाज येत नाही, त्यातल्या बऱ्याच जणांचं कारण एवढंच असतं.

प्रवाहच दिसत नसेल तर बॅकएंडकडे यायचं, आणि इथे तुमचा सेटअप नक्की कसा आहे त्यावर उत्तर बदलतं. व्हर्ट-मॅनेजरने स्पाइस डिस्प्ले (व्हीएमचा पडदा खिडकीत दाखवायची एक पद्धत) दिलेला असेल तर आवाजही स्पाइसमधून जातो, म्हणजे क्यूएमू तो थेट साउंड सर्व्हरला देत नाही, समोर उघडलेल्या व्ह्यूअर खिडकीला देतं आणि ती खिडकी तो वाजवते. याचे दोन परिणाम. खिडकी बंद केली की आवाज बंद. आणि पव्हूकंट्रोलमधे तो क्यूएमू नावाने शोधू नका, व्हर्ट-मॅनेजर किंवा रिमोट व्ह्यूअर अशा नावाने दिसेल. साध्या वापराला स्पाइस सगळ्यात कमी कटकटीचं, परवानग्यांचा प्रश्नच येत नाही कारण वाजवणारा प्रोग्रॅम तुमच्याच लॉगिनखाली चालू असतो. तुम्ही ग्राफिक्स कार्ड गेस्टला दिलं नसेल आणि खिडकीतच काम करत असाल तर माझं ऐकाल तर त्या चार ओळी काढून टाका आणि स्पाइसवर परत या.

डिस्प्ले व्हीएनसी (तशीच दुसरी पद्धत) केला असेल तर मात्र लिबव्हर्ट (व्हर्ट-मॅनेजरच्या खाली व्हीएम सांभाळणारा थर) होस्टवरचा आवाज मुद्दाम बंदच ठेवतं, त्यासाठी क्यूएमू डॉट कॉन्फ फाइलमधे व्हीएनसी अलाऊ होस्ट ऑडिओ नावाचा पर्याय आहे तो १ करावा लागतो. नुसता स्पाइसचा व्हीएनसी केला म्हणून आवाज गेला असं होतं आणि दोन्हींचा संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही.

ग्राफिक्स कार्ड गेस्टला दिलेलं आहे, व्ह्यूअर उघडायचाच नाही, तर बॅकएंड पल्सऑडिओ किंवा पाइपवायर करावाच लागतो, आणि खरी परवानग्यांची मारामारी इथे सुरू होते. व्हर्ट-मॅनेजर मुळात सिस्टिम कनेक्शन वापरतो, त्यात क्यूएमू तुमच्या नावाने चालत नाही, लिबव्हर्टच्या वेगळ्या युजरखाली चालतं. साउंड सर्व्हर मात्र तुमच्या लॉगिनचा असतो, त्याचं सॉकेट (प्रोग्रॅमने जोडून घ्यायची जागा) रन फोल्डरात तुमच्या युजर आयडीखाली, बहुधा १०००, आणि तिथे परक्या युजरला प्रवेश नाही. हे बरोबरच आहे, उद्या दुसऱ्या युजरने तुमचा माइक ऐकावा असं तुम्हालाही नको असेल. मग उपाय दोन. एक, क्यूएमू डॉट कॉन्फमधे युजर म्हणून तुमचं नाव घाला, लिबव्हर्टची सर्व्हिस रिस्टार्ट करा, आणि ऑडिओ घटकात पल्सऑडिओला त्या सॉकेटचा पूर्ण पत्ता किंवा पाइपवायरला रनटाइम फोल्डरचा पत्ता द्या. दोन, व्हीएमच सिस्टिमऐवजी युजर सेशनमधे चालवा, मग हा प्रश्नच मिटतो, पण नेटवर्क ब्रिज आणि हार्डवेअर पासथ्रू (खरं हार्डवेअर थेट गेस्टला देणं) तिथे जास्त त्रासाचे होतात, म्हणून ज्याने ग्राफिक्स कार्ड दिलंय त्याला मी पहिलाच सांगते. उबंटूवर एवढं करूनही जमलं नाही तर कर्नलच्या लॉगमधे अ‍ॅपआर्मरचं 'डिनाइड' शोधा, म्हणजे सुरक्षेच्या त्या पहारेकऱ्याने अडवलंय का ते कळेल, फेडोरावर हेच काम एसईलिनक्स करतं.

अजून एक. व्हीएम बूटबरोबर आपोआप सुरू होत असेल तर त्या क्षणी तुम्ही लॉगिन केलेलं नसतं, म्हणजे ते सॉकेट अस्तित्वातच नसतं. क्यूएमू एकदा प्रयत्न करतं, जमलं नाही की बऱ्याच आवृत्त्यांत मुकं राहतं. व्हीएम बंद करून परत सुरू केलं की आवाज येतो आणि मग माणूस म्हणतो "कधी येतो कधी नाही". त्यात अनियमित काही नाही, लॉगिन आधी की व्हीएम आधी एवढंच आहे.

आता खरखर, जी तुमची आजची खरी अडचण आहे. इथे जरा सावकाश वाचा.

खऱ्या साउंड कार्डात स्वतःचं क्रिस्टल घड्याळ असतं आणि ते सेकंदाला ४८,००० सॅम्पल ओढून घेतं, काही झालं तरी. व्हीएममधल्या कार्डाला घड्याळ नाही, क्यूएमू एक टायमर लावतं आणि त्या टायमरप्रमाणे गेस्टकडून डेटा घेतं. म्हणजे आवाज वेळेवर यायचा तर गेस्टचे सीपीयू वेळेवर चालले पाहिजेत, क्यूएमूचा टायमर वेळेवर वाजला पाहिजे आणि होस्टच्या सर्व्हरलाही डेटा वेळेवर मिळाला पाहिजे. बफर म्हणजे गच्चीवरची टाकी समजा, खाली नळ एका धारेने चालू आहे आणि वर पाणी मात्र थांबून थांबून येतंय. टाकी मोठी असेल तर मधला खंड कळत नाही, लहान असेल तर नळ खॉक करतो. तो खॉक म्हणजे तुमची खरखर.

आकड्यात सांगायचं तर ४८ किलोहर्ट्झला १०२४ फ्रेमचा बफर म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे ५ च्या आसपास. होस्टने गेस्टचा सीपीयू ३० मिलिसेकंद बाजूला ठेवला, जे गजबजलेल्या मशिनवर सहज होतं, तर १०२४ सुद्धा पुरणार नाही. पाइपवायरला आपण व्हीएमच्या आत चालतोय हे कळलं की तो स्वतःहूनच किमान बफर १०२४ धरतो, म्हणजे बनवणाऱ्यांनाही हा त्रास माहीत आहे. हे लिनक्स गेस्टसाठी, तुमच्या विंडोजला याचा उपयोग नाही, पण कारण तेच.

म्हणून बफर वाढवणं हा उपाय आहे पण दुसऱ्या नंबरचा. पहिला म्हणजे सीपीयू वेळेवर का मिळत नाही ते बघणं. माझ्या पाहण्यात आलेली कारणं मी ज्या क्रमाने तपासते त्याच क्रमाने सांगते.

सगळ्यात वरचं, गेस्टला होस्टचे सगळे कोर देऊन टाकलेले असतात. "जास्त दिले तर जास्त फास्ट" हे आवाजाच्या बाबतीत उलटं पडतं. होस्टवर क्यूएमूचा स्वतःचा मुख्य थ्रेड (कामाचा धागा) आहे, साउंड सर्व्हर आहे, ब्राउझर आहे, त्यांनी कुठे चालायचं? ८ थ्रेडचं, म्हणजे लिनक्सला ८ सीपीयू दिसतात असं मशीन असेल तर गेस्टला ४ द्या, फार तर ६, आणि खरखर तिथेच कमी झाली का बघा. बहुतेक वेळा होते.

दुसरं, व्हीएम बनवताना ऑपरेटिंग सिस्टिम 'जेनेरिक' निवडलेली असते. व्हर्ट-मॅनेजरला विंडोज आहे हे कळलं की तो हायपर-व्ही एनलायटनमेंट नावाच्या सवलती आणि विंडोजला साजेसं घड्याळ आपोआप घालतो, जेनेरिक म्हटलं की घालत नाही. मग विंडोज रिकामं बसलेलं असतानाही सीपीयू खात राहतं आणि टायमर उशिरा वाजतात. तुमच्या एक्सएमएलमधे 'हायपरव्ही' नावाचा भाग आहे का आणि घड्याळांच्या यादीत हायपरव्हीक्लॉक आहे का, हे बघा. नसेल तर नवीन व्हीएम विंडोज ११ म्हणून बनवून जुनी डिस्क त्याला जोडणं हा हाताने एक्सएमएल लिहिण्यापेक्षा सोपा मार्ग. फक्त एक लक्षात ठेवा, नवीन व्हीएमला नवीन हार्डवेअर समजून विंडोज ॲक्टिव्हेशन परत मागू शकतं आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की लागेल, ती आधी हाताशी ठेवा.

तिसरं, डिस्क. हे ऐकून लोकांना हसू येतं, आवाजाचा आणि डिस्कचा काय संबंध म्हणतात. क्यूएमूचा आवाजाचा टायमर त्याच्या मुख्य थ्रेडमधे चालतो, आणि साटा किंवा आयडीई डिस्कचं कामही तिथेच होतं. विंडोज अपडेट डाउनलोड करायला लागलं, डिस्क घासायला लागली की आवाज खरखरतो, बाकी वेळ स्वच्छ. असा पॅटर्न दिसत असेल तर डिस्क व्हर्टिओवर न्या आणि तिला वेगळा आयओ थ्रेड द्या. विंडोजमधे व्हर्टिओचा ड्रायव्हर आधी टाकून घ्या आणि मग डिस्क बदला, उलटं केलं तर गेस्ट बूटच होणार नाही.

मग उरतात किरकोळ गोष्टी: होस्टची मेमरी भरून तो स्वॅपमधे जातोय का, लॅपटॉप बॅटरीवर असताना सीपीयू हळू मोडमधे आहे का, गेस्टमधे साउंडच्या प्रॉपर्टीजमधे 'ऑडिओ एनहान्समेंट' चालू आहेत का. त्या बंद करा. तिथेच फॉरमॅट ४८,००० हर्ट्झ करून टाका. होस्ट ४८ वर आणि गेस्ट ४४.१ वर असेल तर मधे रूपांतर करावं लागतं, त्याने आवाज बिघडतो असं नाही पण काम वाढतं, आणि तपासताना एक शंका कमी झालेली बरी.

खरखर गेस्टकडून येतेय की होस्टकडून हे ओळखायचं असेल तर दोन युक्त्या आहेत आणि दोन्ही फुकटच्या. पहिली, होस्टच्या टर्मिनलमधे पीडब्ल्यू-टॉप (पाइपवायरचं काम दाखवणारी आज्ञा) चालवा. त्यात चुकांचा एक रकाना आहे, खरखर होताना व्हीएमच्या किंवा स्पीकरच्या ओळीतला आकडा वाढत असेल तर होस्टला डेटा वेळेवर मिळत नाहीये. आकडा शांत आणि खरखर चालूच, म्हणजे डेटा वेळेवर येतोय पण येतानाच फाटका आहे. दुसरी युक्ती मला जास्त आवडते. ऑडिओ घटकाचा प्रकार थोड्या वेळापुरता 'फाइल' करा. मग क्यूएमू आवाज स्पीकरला न पाठवता वेव्ह फाइलमधे लिहितं. पाच मिनिटं व्हिडिओ चालवा, व्हीएम बंद करा, फाइल होस्टवर ऐका. फाइलमधेच खरखर आहे तर दोष गेस्टचा किंवा सीपीयूचा, वरची तीन कारणं बघा. फाइल स्वच्छ आहे तर पाइपवायरच्या बाजूचं बघा आणि मग खुशाल बफर वाढवा. हे केल्याशिवाय बफर वाढवणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

बफर वाढवायची किंमत असते ती उशीर. गेस्टचा बफर, क्यूएमूचा, होस्टचा असे थर एकावर एक चढतात, प्रत्येकी २० म्हटलं तरी ६० मिलिसेकंद झाले, स्पाइस असेल तर व्ह्यूअरचं अजून थोडं. व्हिडिओ बघायला हे चालतं, आवाज चित्राच्या मागे १२५ मिलिसेकंदांपर्यंत असेल तर सहसा लक्षात येत नाही असं प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत धरलंय, चित्राच्या पुढे असेल तर मात्र ४५ सुद्धा खटकतात. म्हणजे तुम्हाला कॉल आणि व्हिडिओ एवढंच करायचंय तर बिनधास्त मोठा बफर ठेवा. गेस्टमधे कीबोर्ड जोडून वाजवायचं असेल, रेकॉर्डिंग करायचं असेल, तर ही सगळी वाटच चुकीची आहे, त्याबद्दल खाली.

माइककडे येऊ. आधी विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमधे मायक्रोफोन चालू आहे का आणि 'डेस्कटॉप ॲप' साठीची वेगळी खूण चालू आहे का ते बघा, दोन्ही लागतात. मग होस्टच्या पव्हूकंट्रोलमधे 'रेकॉर्डिंग' टॅब. गेस्टमधे कॉल सुरू असताना तिथे व्हीएमचा किंवा व्ह्यूअरचा प्रवाह दिसला पाहिजे आणि तो खऱ्या माइकला जोडलेला पाहिजे. बऱ्याचदा तो 'मॉनिटर' नावाच्या इनपुटला जोडलेला असतो, म्हणजे स्पीकरवर जे वाजतंय तेच माइक म्हणून परत जातं, समोरच्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो आणि तुमचा नाही. तुमचं वर्णन याच्या जवळ जाणारं आहे. रेकॉर्डिंगमधे काहीच येत नसेल तर एक्सएमएलमधे कार्डाखाली कोडेक 'आउटपुट' ठेवलाय का बघा, तो असेल तर त्या कार्डाला माइकची बाजूच नाही, 'डुप्लेक्स' करा. उलट ज्यांना गेस्टमधे माइक कधीच लागत नाही त्यांनी मुद्दाम 'आउटपुट' ठेवावं. नको त्या गेस्टला माइक कशाला द्यायचा.

ब्लूटूथ हेडफोनवाल्यांना एक धोका सांगून ठेवते. गेस्टने माइक उघडला की होस्ट हेडफोनला ऐकण्याच्या मोडमधून बोलण्याच्या मोडमधे नेतो, आणि सगळा आवाज, होस्टचा सुद्धा, टेलिफोनसारखा चपटा होतो. व्हीएमचा त्यात काही दोष नाही, ब्लूटूथच तसं आहे. कॉलसाठी वायरचा माइक किंवा लॅपटॉपचा माइक वेगळा निवडला की हेडफोन चांगल्या मोडमधेच राहतो. आणि कॉल सुरू झाल्यावर गेस्टमधले बाकीचे आवाज एकदम बारीक होत असतील तर ते विंडोजचं काम आहे, जुन्या साउंड पॅनेलमधे 'कम्युनिकेशन्स' टॅबवर इतर आवाज ८० टक्के कमी करायचं आधीच निवडलेलं असतं, 'काहीही करू नका' करा.

तुमचा सेटअप केव्हीएमचा आहे, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांचा वेगळा असणार, म्हणून थोडंसं त्यांच्यासाठी. व्हर्च्युअलबॉक्समधे बॅकएंड आणि कार्ड एकाच पानावर दिसतात, गोष्ट सोपी आहे, फक्त 'ऑडिओ इनपुट' ची खूण आधी बंद असते, माइक जात नाही म्हणणाऱ्यांपैकी निम्मे तिथेच अडकलेले असतात. विंडोज होस्टवर व्हर्च्युअलबॉक्स खरखरत असेल तर खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का बघा. ते असेल तर विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही (विंडोजमधलीच व्हीएम चालवायची सोय) खाली चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या डोक्यावर बसून सावकाश चालतंय, आवाजाची सेटिंग कितीही हलवली तरी ते जाणार नाही. हायपर-व्ही किंवा मेमरी इंटिग्रिटी बंद करायची की खरखर सोसायची हे तुम्ही ठरवा, सुरक्षेचं फीचर आवाजासाठी बंद करावं असं मी कुणाला सरसकट सांगणार नाही.

हायपर-व्हीमधे तर खोटं साउंड कार्डच नसतं. शोधू नका, सापडणार नाही. आवाज 'एन्हान्स्ड सेशन' मधूनच येतो, जो आतून रिमोट डेस्कटॉपच आहे, त्यामुळे गेस्ट विंडोज होम असेल तर तोही नाही. लिनक्स गेस्ट असेल तर एक्सआरडीपी (लिनक्सवरचा रिमोट डेस्कटॉप सर्व्हर) आणि त्याचं आवाजाचं मॉड्यूल बसवावं लागतं.

लिनक्स गेस्टवाल्यांसाठी एकच, पण वेळ वाचवणारं. पीसीआयच्या यादीत साउंड कार्ड दिसतंय आणि अल्साला (लिनक्सच्या साउंड ड्रायव्हरच्या थराला) मात्र एकही कार्ड सापडत नाही, असं असेल तर कर्नल बघा. उबंटूचा 'व्हर्च्युअल' कर्नल किंवा डेबियनचा 'क्लाउड' कर्नल सर्व्हरसाठी हलका केलेला असतो आणि त्यात साउंडचे ड्रायव्हर नसतातच. उबंटूवर 'मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' नावाचं पॅकेज आपल्या कर्नलच्या आकड्यासकट टाका, डेबियनवर साधा कर्नल घ्या. क्लाउडची तयार इमेज घरी केव्हीएमवर लावून वर डेस्कटॉप चढवला की हे हमखास होतं.

आता ती वेगळी वाट. संगीताचं काम करायचं असेल, किंवा वरचं सगळं करूनही खरखर जात नसेल, तर खोटं कार्ड सोडून द्या आणि खरं कार्ड गेस्टच्या हवाली करा. यूएसबी साउंड कार्ड गेस्टला जोडणं सोपं वाटतं, व्हर्ट-मॅनेजरमधे दोन क्लिकचं काम, पण आवाजाचा डेटा यूएसबीवर ठरलेल्या वेळी जावा लागतो आणि क्यूएमू त्या यूएसबी कंट्रोलरचंही सोंगच करत असल्यामुळे वेळेचा घोळ परत तिथेच येतो. काही कार्डं चालतात, काही टकटकतात. खात्रीने चालतं ते अख्खा यूएसबी कंट्रोलर व्हीएफआयओने (खरं हार्डवेअर गेस्टला द्यायच्या कर्नलच्या सोयीने) गेस्टला देणं, मग त्या कंट्रोलरच्या पोर्टमधे लावलेलं सगळं खरोखर गेस्टचं होतं आणि मधे कुणी नसतं. त्यासाठी कंट्रोलर स्वतंत्र आयओएमएमयू गटात (एकत्रच देता येणाऱ्या डिव्हाइसच्या गटात) हवा, मदरबोर्डवर असतो किंवा नसतो, नसला तर वेगळं पीसीआय-एक्सप्रेस यूएसबी कार्ड लावतात. आणि ज्यांनी ग्राफिक्स कार्ड आधीच गेस्टला दिलंय त्यांच्याकडे तर फुकटचं खरं साउंड कार्ड आहे, त्या ग्राफिक्स कार्डाचा एचडीएमआय ऑडिओचा भाग. तो पत्त्याच्या शेवटी .१ असलेला दुसरा भाग असतो, तो .० सोबत द्यायचाच, आणि मॉनिटरला स्पीकर लावायचे. विंडोजमधे तोही खरखरला तर त्याचे इंटरप्ट (सीपीयूला जाणारे इशारे) एमएसआय पद्धतीवर न्या, बहुतेकांचं तिथे थांबतं.

तुमच्या बाबतीत मी या क्रमाने जाईन: चिकटवलेल्या ओळी काढून स्पाइसवर परत, कार्ड आयसीएच९ आणि कोडेक डुप्लेक्स, गेस्टचे कोर निम्मे, हायपरव्हीचा भाग आहे का ते बघणं, मग वेव्ह फाइलची चाचणी. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर गेस्ट नुसता रीबूट न करता पूर्ण बंद करून परत सुरू करा, कारण आतून रीबूट केल्याने नवीन एक्सएमएल लागू होत नाही. एवढं करूनही अडलं तर मला चार गोष्टी कळवा: पूर्ण एक्सएमएल, होस्टला एकूण थ्रेड किती आणि गेस्टला दिलेत किती, खरखर होत असताना पीडब्ल्यू-टॉपमधे काय दिसतं, आणि वेव्ह फाइलमधे खरखर ऐकू येते की नाही.